क्लच माझा, हँडब्रेक मामांचा

गाडी दाखवताना विक्रेत्याने डिकी चार वेळा उघडली आणि बॉनेट एकदाही उघडलं नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी पडलो कारखान्यातला ड्राफ्ट्समन, कागदावर जे शोभतं ते मला रस्त्यावरही शोभेल असं वाटतं. शिवाय आमच्या पिढीत डिकी नसलेली ती छोटी गाडी आणि डिकीवाली ती मोठी, असा सरळ हिशोब होता. गाडी घरी आणली तेव्हा सोसायटीतल्या एका जाणकाराने बॉनेट उघडून आत पाहिलं, मागे जाऊन डिकी पाहिली आणि पुन्हा पुढे आला.

"अहो, इंजिन तर छोट्या गाडीचंच आहे," तो म्हणाला. "मागे नुसती पेटी जोडलीय."

तसं पाहिलं तर सपाटीवर गाडी गुणाची. साठाच्या वेगात आवाज नाही, तक्रार नाही, पेट्रोल बेताने पिते. पाचवा गिअर शोभेचा आहे, तो आपण टाकायचा आणि गाडीने तो मनावर घ्यायचा नाही. एसी लावला की मात्र कुणीतरी मागून शर्ट धरल्यासारखी गाडी एकदम थबकते. पुण्यात हे खपून जातं, कारण पुण्यात पुढचा रिक्षावाला तसाही आपल्याला पळू देत नाही. खरी परीक्षा घाटात, आणि ती घ्यायला माझे सासरेच बसले होते.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामा महाड डेपोचे निवृत्त एसटी ड्रायव्हर. सत्तावीस वर्षं त्यांनी महाडहून वरंधा घाट चढून भोरमार्गे पुण्याला गाडी नेली. आता त्यांचा उजवा डोळा गेलेलाच होता आणि डाव्यात मोतीबिंदू पिकला होता. महाडला शिबिरात आलेल्या पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आणखी लांबवलं तर हाही डोळा हातचा जाईल. ऑपरेशनची तारीख दोनदा ठरली आणि दोन्ही वेळा मामा पुण्याला पोचलेच नाहीत. पहिल्यांदा एसटीने निघाले ते वरंध गावातच उतरले, कारण ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून चालवत होता. दुसऱ्यांदा पुतण्याच्या जीपमधून निघाले आणि घाटाच्या पायथ्याला माझेरीत उतरून परतीच्या गाडीने घरी गेले. दुसऱ्याच्या हातात स्टेअरिंग असताना त्यांना घाट चढवत नाही, एवढीच काय ती अडचण.

तिसरी तारीख गुरुवारची होती. माझी बायको वंदना म्हणाली, "आता आपणच जाऊन आणायचं. जावयाच्या गाडीतून कसे उतरतील?"

मला उत्तर माहीत होतं, पण मी गाडी पुसायला घेतली.

उतरताना

उतरणीवर सगळ्याच गाड्या चांगल्या असतात. दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. भोर सोडल्यावर रस्ता धरणाच्या पाण्याच्या कडेने निघाला आणि दोन्ही बाजूंचं गवत सोनेरी झालं होतं. वाघजाईच्या देवळाशी थांबून आम्ही टपरीवर कांदाभजी खाल्ली. तेवढ्यात एक माकड गाडीच्या डिकीवर ऐसपैस बसलं आणि आमच्याच पुड्यातली भजी खाऊ लागलं.

"बघा, डिकीचा उपयोग झाला," वंदना म्हणाली.

देवळापासून खाली बघितलं की कोकण एकदम पायाशी येतं. मी वळणं मोजत उतरलो आणि प्रत्येक वळणावर मनात म्हणालो, उद्या हेच चढायचंय. खाली उतरता उतरता हवा बदलली. नोव्हेंबर असूनही दुपारी महाडात घाम निघत होता. चवदार तळ्याच्या बाजूने गर्दीतून वाट काढत हायवेला लागलो, पोलादपूर गाठलं आणि तिथून सावित्रीच्या खोऱ्यात आत वळलो.

पोलादपूरच्या वर

मामांच्या वाडीच्या तोंडाशी एक छोटी चढण आहे. ती मी ऐटीत तिसऱ्या गिअरमध्ये घेतली आणि गाडी कण्हत कण्हत अंगणात शिरली. मामा ओट्यावर बसले होते. त्यांना आमचे चेहरे दिसणं शक्य नव्हतं, तरी मी दार उघडण्याआधीच ते बोलले.

"या जावयबापू. ती चढन दुसऱ्यात घ्यायची. तिसऱ्यात नाय."

वर्षभराने भेटलेल्या सासऱ्यांचं हे पहिलं वाक्य. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी आशीर्वाद दिला आणि लगेच काठी घेऊन गाडीची तपासणी सुरू केली. चारी टायरवर काठी मारून आवाज ऐकला. बॉनेटवर तळवा ठेवला. मग हाताने चाचपत मागे गेले आणि डिकी जिथे संपते तिथपर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला.

"इंजिन केवढं हाय?"

"एक लिटरचं."

"आनि ही मागं एवडी डिकी?"

"हो."

"म्हंजे शेळीवर अंबारी."

मेव्हणा मुंबईला असतो. त्याची बायको, आमची वहिनी, मामांना सांभाळते. ती पदर तोंडाला लावून हसली आणि आत जेवण वाढायला गेली. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि कुळथाची पिठी. पुण्यात मी दोन पोळ्यांवर हात आखडतो, तिथे चार भाकऱ्या कधी गेल्या ते कळलं नाही. जेवताना वंदनाने विषय काढला.

"बाबा, गुरुवारी ऑपरेशन. उद्या सकाळी निघायचं."

"येतो," मामा म्हणाले. "पन वरंध्यानंच. आनि घाटात मी सांगन तसं."

मी मान हलवली, मग त्यांना ती दिसत नाही हे लक्षात येऊन मोठ्याने हो म्हणालो.

सकाळी अंगणात आलो तर गाडी मागून बसली होती. डिकीत नव्या तांदळाच्या दोन गोणी होत्या, वर वालाची पिशवी, कोकमाची बरणी आणि सुरण. आमच्याकडे पुण्यात पाहुणा निघताना तो काही विसरला नाही ना एवढंच पाहतात. इथे माहेरवाशीण नव्या तांदळाशिवाय निघाली तर घराची मान खाली जाते.

"वहिनी, घाट चढायचाय हो," मी काकुळतीने म्हणालो.

"मंग? घाट काय आज झाला? माझी सासू डोक्यावरून न्यायची."

सासूबाईंच्या डोक्याची आणि माझ्या इंजिनाची तुलना करण्यात अर्थ नव्हता. निघताना वहिनीने मामांच्या कपाळाला अंगारा लावला आणि माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "या खेपेला परत नका आनू त्यांना. आता चूल पन दिसत नाय त्यांना. परवा हात भाजला." तोवर ही सहल होती.

महाड

महाडात एसटी डेपोपासून जवळच हमीदभाईंचं गॅरेज आहे. ते मूळचे नाते गावचे. शाळेत असताना मामांच्याच एसटीने महाडला यायचे. पुढे नऊ वर्षं आखातात गाड्या दुरुस्त करून परत आले. मामांना पाहताच हातातला पाना टाकून ते धावत आले.

"मामा! अजून डोले नाय केले? काय हो!"

मामा आणि वंदना समोरच्या हॉटेलात चहाला गेले. मी हमीदभाईंना बाजूला घेतलं आणि गाडीची आणि मामांच्या दोन खेपांची कहाणी सांगितली. त्यांनी प्लग साफ केले, हवा भरली, पाणी बघितलं आणि डिकी उघडून हसू लागले.

"साहेब, हे घेऊन नाय चढनार. तांदूल ठेवा इकडं. पुढच्या ट्रिपला न्या."

"आणि मामा उतरले तर?"

"एक सांगू? आमच्या लाइनीत सर्टिफिकेट एकच. ड्रायव्हर मानूस दुसऱ्याच्या गाडीत झोपला, की समजायचं पास केला. मामा कोनाच्याच गाडीत नाय झोपले. स्वतःच्या वरातीत पन ड्रायव्हरच्या बाजूला जागे बसले होते, माझे अब्बा सांगायचे."

गोण्या आणि बाकीचं सगळं उतरवलं. मी पैसे विचारले तर त्यांनी कानावर हात ठेवले आणि मला चहा प्यायला पिटाळलं. परत येऊन गाडी सुरू केली तेव्हा मामा डावीकडे माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी कान टवकारले आणि थोडे हसले. गोण्या उतरल्याचं त्यांना कळलं होतं, पण लेकीसमोर त्यांनी तोंड उघडलं नाही.

घाट

बिरवाडी गेली, वरंध गेलं. वरंधला पहिल्या खेपेचा थांबा होता, म्हणून मी न थांबता निघालो. माझेरीला दुसऱ्या खेपेचा थांबा होता, तिथेही मी पुढेच बघत राहिलो. मागच्या सीटवर वंदना श्वास रोखून बसली होती. चढ सुरू झाला तशी गाडी नेहमीप्रमाणे थबकली.

"ती थंड हवा बंद करा," मामा म्हणाले. "गाडीला श्वास घेऊ द्या. काचा खाली घ्या, मला ऐकू येऊ दे."

मी एसी बंद केला. मग एक अजब प्रवास सुरू झाला. मला रस्ता दिसत होता आणि मामांना गाडी ऐकू येत होती. "पाडा दुसरा," ते म्हणायचे. मी म्हणायचो, अजून जोर आहे. तेवढ्यात जोर संपायचा. "रडायच्या आधी गिअर पाडायचा. रडल्यावर नाय." दोन वळणं अशी निघाली. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे ते एकदम ओरडले, "थांबा! डावीकडं घ्या. वरनं दहाचाकी येतीय."

मला काही ऐकू आलं नव्हतं. मी थांबलो आणि क्षणभराने वळणावरून ट्रक आला, अख्खा रस्ता व्यापून. थांबलो नसतो तर त्याच्या तोंडातच होतो. ट्रक आरशाला वारा घालत खाली गेला. आता भर चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलायची होती.

सपाटीवरच्या ड्रायव्हरचं सगळं सोंग इथे उघडं पडतं. हँडब्रेक सोडला, क्लच सोडला, गाडी ठसका लागून बंद पडली आणि वीतभर मागे गेली. वंदना चपळाईने उतरली आणि मागच्या चाकाला दगड लावला. दुसऱ्यांदा पुन्हा तेच. वास सुटला, क्लच जळाल्याचा. तो वास मामांनी ओळखला नसेल तर कुणी ओळखणार?

"अहो, वजन काय आहे एवढं?" म्हणत वंदनाने डिकी उघडली. आत दोन मोठे भोपळे, नारळांची गोणी आणि आखातातल्या खजुराचा डबा. गाडी हलकी करायची हे ज्या माणसाला मी समजावून सांगितलं, ज्याने स्वतःच्या हाताने तांदूळ उतरवला, त्याच माणसाला मामांची लेक रिकाम्या डिकीने जातेय हे बघवलं नव्हतं.

"मी चालत पुढे जाते," वंदना म्हणाली. "भोपळे तुम्ही आणा."

ती वळणापलीकडे गेली आणि डावीकडचं दार वाजलं. मामांनी ते उघडलं होतं. एक पाय रस्त्यावर, काठी टेकलेली. पहिल्या दोन खेपांना त्यांनी हेच केलं होतं. आता हे उतरणार, परतीची एसटी धरणार आणि उरलेला डोळाही जाणार. आणि ते माझ्यामुळे.

"मामा, उतरू नका," मी म्हणालो. माझा आवाज रडवेला झाला होता, लपवण्यात अर्थ नव्हता. "मला जमत नाहीये. खरंच जमत नाहीये. तुम्ही उतरलात तर मी एकटा ही गाडी इथून हलवू शकणार नाही."

मामा तसेच बसून राहिले, एक पाय बाहेर.

"तो एसटीवाला सांगत होता, मला शिकवू नका," ते सावकाश म्हणाले. "पुतन्या म्हनाला, झोपा गुपचूप. मला जमत नाय असं आजवर कोनी नाय बोललं." मग काठीची मूठ चाचपत, "भ्या मला डोल्याचं नाय, जावयबापू. दुसऱ्याच्या हातात राहायचं भ्या हाय. जल्माचं. ऑपरेशन बिघडलं तर मग तेच हाय ना?"

मी म्हणालो, "मला आत्ता तुमचा हात हवाय."

त्यांनी पाय आत घेतला, दार ओढलं आणि उजव्या हाताने चाचपत हँडब्रेक धरला. तो आम्हा दोघांच्या मध्ये होता आणि त्यांच्या मुठीत बरोबर बसला.

"क्लच तुमचा, हँडब्रेक माझा. रेस द्या. आनखी. घाबरू नका, ओरडू दे तिला. आता क्लच हलू हलू... तिथंच धरा!"

गाडीचं नाक किंचित वर उचललं गेलं. मला ते बुडाखाली जाणवलं, मामांना मुठीत. त्यांनी हँडब्रेक सोडला आणि गाडी मागे न जाता पुढे निघाली. शेळी अंबारीसकट उठली. मी ओरडलो, मामा ओरडले, आणि वळणापलीकडे चालत असलेल्या वंदनाला मागे टाकून आम्ही तसेच पुढे गेलो, कारण थांबायची माझी हिंमत नव्हती. ती आरशात बराच वेळ हात हलवताना दिसत होती.

मध्ये एकदा एसटी वरून आली आणि तिच्या ड्रायव्हरने चढत्याचा मान राखून आम्हाला वाट दिली. बाकी वाघजाईपर्यंत प्रत्येक वळणावर मामांची मूठ हँडब्रेकवर होती. हमीदभाईंचा एक नारळ मी देवीला फोडला. वंदना एका टेम्पोतून येऊन पोचली, तेव्हा आम्ही दोघं भज्यांची तिसरी प्लेट खात होतो. आठवडाभर तिने मला ते ऐकवलं.

पुणे आणि परत

ऑपरेशन व्यवस्थित झालं. पट्टी काढली त्या दिवशी मामांनी आधी लेकीकडे बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे. "दाढी करत जा," म्हणाले. खाली आल्यावर गाडी पाहिली. "पांढरी व्हय? मला वाटलं निली." दुसरं काही बघायची त्यांना घाई नव्हती. शनिवारवाडा नको, सारसबाग नको. एकच धोशा, मला घाट बघायचाय. चार वर्षं झाली घाट नीट बघून.

पंधरा दिवसांनी, तपासणी झाल्यावर, त्यांना काळा चष्मा घालून परत न्यायला निघालो. डिकीत त्यांची एक पिशवी होती, बस. भोरपर्यंत ते दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते. धरणाशी म्हणाले, "माझ्या टायमाला इथं नुसती नदी होती." वाघजाईला भजी खाल्ली, देवीपुढे उभे राहून डोळे पुसले आणि गाडीत बसले. "आता बघतो," म्हणाले. "हलू घ्या."

मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरणीला लागलो. पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणावर मी काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं नाही. पाहतो तर मामांची मान खिडकीकडे कललेली, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर. त्यांना झोप लागली होती. गाढ.

"अहो, उठवा त्यांना," वंदना मागून कुजबुजली. "घाट बघायचाय ना त्यांना. किती दिवस घोकताहेत."

"राहू दे," मी म्हणालो.

हे माझं पाप आहे आणि ते मी इथे कबूल करतो. मला हमीदभाईंचं बोलणं आठवत होतं. महाड डेपोचा सत्तावीस वर्षांचा ड्रायव्हर, जो स्वतःच्या वरातीतही जागा होता, तो माझ्या एक लिटरच्या गाडीत, माझ्या हातात, वरंधा घाटात घोरत होता. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. इतक्या हलक्या हाताने मी आयुष्यात कधी गाडी चालवली नसेल. एकेक वळण लोण्यातून सुरी काढावी तसं काढलं, खड्डे चुकवले, हॉर्न वाजवायचा तोही जेमतेम. माझेरी गेली, वरंध आलं. तिथे समोरून आलेल्या एसटीने कर्कश हॉर्न दिला आणि मामा दचकून जागे झाले.

त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. भातखाचरं, घरं, वरंधचा थांबा.

"घाट?"

मी गाडी कडेला घेतली.

"घाट गेला?"

"तुम्हाला झोप लागली होती मामा," मी म्हणालो.

मला वाटलं आता फैलावर घेणार. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि आरशातून मागे, आम्ही आलो त्या डोंगराकडे पाहिलं.

"झोप लागली," ते स्वतःशीच म्हणाले. "घाटात. मला." मग माझ्याकडे वळले. "डिकीत काय हाय?"

"तुमची पिशवी."

"बास? मग गाडी वळवा."

"बाबा, आत्ता उतरलोय," वंदना म्हणाली.

"तू गप गो. वळवा, जावयबापू. मला घाट बघायचाय."

मी गाडी वळवली. डोंगर समोर आला, त्याच्या अंगावरून रस्त्याची पांढरी रेघ वर जात होती. चढ अजून लांब होता. मी काही म्हणायच्या आत मामांनी स्वतःच हात पुढे करून एसी बंद केला आणि काच खाली घेतली.